शेवंतीची गाडी

"तिला इचारलं का?"

आक्कांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही एखादं काम ठरवताना ते कानात वाजतं. मी हिरवा रंग सुचवला की, "तिला इचारलं का?" जाड पत्रा लावू म्हटलं की, "तिला इचारलं का?" एकदा शेडवर आलेल्या विमा एजंटानं घोडीचा विमा काढायची गळ घातली, तर त्यालाही हेच विचारून त्यांनी गार केलं. ती म्हणजे त्यांची घोडी, शेवंती. पांढरीशुभ्र, लग्नातली, नाचणारी.

आणि हे विचारताना त्यांचा तळहात कुठल्या ना कुठल्या पत्र्यावरून फिरत असायचा. गाडी कुणाचीही असो. आतल्या बाजूनं, कडेकडेनं, खिळ्यांवरून, सांध्यांवरून. हाताला ओरखडा आला की हात झटकून त्या बाजूला होत. "माझ्या हाताला लागलं तर तिच्या अंगाला लागंलच की," म्हणत. असा नापास झालेला माझाच माल मी पुन्हा पुन्हा घासून दिलाय.

आक्कांचं नाव सांगत नाही. त्यांच्या बोरी गावातल्या आणि आसपासच्या लोकांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांनी आक्का म्हटलं तरी त्या ओ देत होत्या. माझं परभणीत जिंतूर रोडला शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, टेम्पोच्या बॉड्या, असं लोखंडाचं सगळं करतो. गिऱ्हाईक मला मिस्त्री म्हणतं, आक्काही तेच म्हणायच्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा घोडीला सोबत घेऊनच आल्या. शिंप्याकडे माप द्यायला लेकीला आणावं तशी. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या, ते त्यांनी एका नजरेत बंद करायला लावलं. मग घोडीच्या डोळ्यावर आलेले केस मागे सारत म्हणाल्या, "मिस्त्री, हिचं माप घ्या."

"माप कशाचं?"

"गाडीचं. हिला न्यायची गाडी करायची हाय."

मी हसलो. घोडीसाठी गाडी म्हणजे लाड झाले, असं काहीतरी बोललोही. त्या हसल्या नाहीत. "हिच्या आधीची ट्रॉलीत गेली," एवढंच म्हणाल्या, आणि शेवंतीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या.

हळूहळू कळलं ते असं. आधीची घोडी लग्नाला नेताना ट्रॅक्टरच्या उघड्या ट्रॉलीत उभी केली होती. खाली गुळगुळीत पत्रा. वळणावर ती घसरली, पुढचा पाय बाजूच्या फाळक्याच्या, म्हणजे उघडत्या दाराच्या, फटीत अडकला आणि मोडला. आक्कांचे मालक तिला सावरायला गेले, तर तिचं सगळं वजन त्यांच्या गुडघ्यावर आलं. घोडी वाचली नाही. मालक वाचले, पण लग्नाच्या गर्दीत घोडी धरून चालायचं त्यांचं काम कायमचं सुटलं. ते काम आक्कांनी घेतलं. त्यानंतर लग्न कुठलंही असो, त्या शेवंतीला चालवत नेत आणि चालवत आणत. डांबरी रस्त्यानं तिचे खूर झिजायला लागले तेव्हा कुठे त्या माझ्या शेडवर आल्या.

बाईमाणसानं नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरायचा, हे आपल्याकडे सहज पचत नाही. सुरुवातीला लोक बोलले. पण शेवंतीचा नाच बघितला की बोलणाऱ्यांची तोंडं मिटत. मालकांनी तिला घरच्या अंगणात हलगीवर शिकवलं होतं. नाचाचा ठेका लागला की एकेक पाय उचलायची, आडवी सरकायची, मग मागच्या दोन पायांवर उठायची. चालीचा ठेका लागला की नाच सोडून शहाण्यासारखी सरळ पावलं टाकायची. शेजारीण पाखरं हाकलायला डबा बडवू लागली तरी दावणीला हिचे पाय सुरू व्हायचे. आक्का त्या शेजारणीला म्हणत, "बाई, पाखरू हाकल, पर जरा बेताल हाकल."

आता गाडीचं. घोडी न्यायची तर दोन वाटा. एक ट्रेलर, म्हणजे जीपच्या मागं हूक लावून ओढायचा डबा. दुसरी बंद गाडी, म्हणजे टेम्पोच्या सांगाड्यावर, चॅसीवरच, घोडीची खोली बांधायची. मी शेडच्या फरशीवर खडूनं दोन्ही चित्रं काढली आणि व्याख्यान दिलं. ट्रेलर बुटका असतो, फाळका खाली टाकला की लांबट उतार होतो, जनावर न घाबरता चढतं. जीप बिघडली तर दुसरी जोडता येते. पण ओढलेली वस्तू ती ओढलेलीच. आतलं ओझं हललं की ती मागून शेपटासारखी वळवळते आणि पुढच्यालाही ओढते. बंद गाडीचं तसं नाही. सगळी चाकं एकाच लोखंडाखाली, झोल नाही, आणि आत जनावरानं पाय जरी बदलला तरी ड्रायव्हरच्या पाठीला कळतं. पण तळ कमरेच्या वर जातो, चढ उभा होतो.

"मला विचाराल तर गाडी करा," मी म्हणालो.

"तुमाला कामून इचारू? तुमी बसणार हाव का तिच्यात?"

आणि त्यांनी मला खरोखर बसवलं. म्हणजे उभं केलं. शेडात एक अर्धवट ट्रेलर पडला होता. तो आक्कांनी सांगून आणलेल्या भाड्याच्या जीपला जोडला, मला आत दांडी धरून उभं राहायला सांगितलं आणि जीपवाल्याला म्हणाल्या, "चल." स्वतः जीपच्या मागच्या सीटवर उलट्या बसल्या, तोंड माझ्याकडं. जिंतूर रोडवरचे झाडून सगळे दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मी गतिरोधकावर उडालो की त्या मान डोलवत. मग एका गिऱ्हाइकाच्या टेम्पोत चढवलं. चढताना माझा गुडघा सोलला.

खाली उतरल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"ट्रेलरमध्ये पोट ढवळलं. टेम्पोत काही झालं नाही, पण चढायला त्रास झाला."

"म्हंजी दोनी बेकार," आक्का म्हणाल्या आणि घोडीला घेऊन घरी गेल्या.

असे त्यांचे हेलपाटे बरेच झाले. माझी माणसं चेष्टा करायची की घोडीचं लग्न ठरायला एवढा वेळ लागत नाही. तुम्हीही अशी गिऱ्हाइकं पाहिली असतील, जी विकत काही घेत नाहीत आणि आपला दिवस मात्र घेऊन जातात. मला राग यायचा. पण त्या आल्या नाहीत की चुकल्यासारखंही व्हायचं.

शेवटी निकाल शेवंतीनंच दिला. टेम्पोच्या उभ्या फळीपाशी तिला आणलं तर ती चारही पाय रोवून थांबली, अंगाला घाम सुटला, कान मागे पडले. ट्रेलरच्या लांबट फाळक्यापाशी आणलं तर तिनं रबरी मॅट हुंगली आणि चालत आत गेली. आक्का माझ्याकडं वळल्या. "आता बोला," म्हणाल्या. मी टेप काढला आणि शेवंतीचं माप घेऊ लागलो.

मी जीव लावून ट्रेलर केला. दोन आस, चार चाकं, तळ जमेल तितका खाली. आत दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या, त्यांना आक्कांनी जुन्या गोधड्या शिवून गुंडाळल्या. पुढं जीपच्या बाजूला मोठी खिडकी ठेवली. आक्का जीपच्या मागच्या सीटवर उलट्या बसत, आणि बोरीपासून लग्नाच्या गावापर्यंत दोघी एकमेकींकडं बघत जात. रस्ता कसा होता विचारलं तर आक्कांना सांगता यायचं नाही. त्यांनी पुढचा रस्ता कधी पाहिलाच नव्हता.

एक दंडक मात्र त्यांनी घालून घेतला होता. लग्नाच्या गावात ट्रेलर न्यायचा नाही. वाजाप कानावर यायच्या आत, शिवारातच घोडी उतरवायची आणि पुढं चालवत न्यायची. ट्रेलरमध्ये ठेका कानावर पडला तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही ते कधी तोंडानं काढलं नव्हतं. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापाशी तर एका दिवशी तीन-तीन लग्नं असतात. तिथं त्या ट्रेलर इतका अलीकडं उभा करायच्या की जीपवाला वैतागायचा.

दोन लग्नसराया सुखरूप गेल्या. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी बोरीत एका शेतकऱ्याचा टँकर बसवून द्यायला गेलो होतो. दुपारी काम उरकत आलं तेव्हा आक्कांच्या मालकांचा फोन आला. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मिस्त्री, असाल तसे या. शेवंतीनं पोट धरलंय."

आदल्या दिवशी एकाच गावात दोन लग्नं झाली होती. आपल्याकडं मांडवाच्या दारात सोयऱ्यांनी नवरदेवाच्या घोडीला भिजवलेली डाळ आणि गूळ चारायचा मान असतो. एका मांडवात चार बायकांनी चारलं, दुसऱ्या मांडवात त्याहून जास्त. नको म्हणायचं म्हणजे सोयऱ्यांचा अपमान. आक्कांनी नको म्हटलं नाही, आणि आता त्या अंगणात कोरड्या डोळ्यांनी त्याच एका गोष्टीवर स्वतःला बोल लावत होत्या. "मान म्हणून खाऊ दिलं, मिस्त्री. मान."

शेवंती पुढच्या पायानं माती उकरत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघत होती आणि दर थोड्या वेळानं खाली बसून लोळायला बघत होती. घोड्याला पोटशूळ उठला की ते लोळतं, आणि लोळताना आतडं पिळलं की संपलं. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं होतं. नाकातून नळी घालावी लागेल, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, असं त्यानं सांगितलं.

शेजारच्यानं स्वतःची पिकअप दारात आणून लावली. "आक्का, हिच्यात टाका, पळंल. ट्रेलर कवा पोचायचा?"

मीही तेच म्हणालो. आक्कांनी पिकअपकडं पाहिलं, मग घोडीकडं. "धडधाकट असताना चढली न्हाई ती. आता एवढ्या दुखण्यात चढंल? वढाताण केली अन् पडली तर?" त्यांनी दोर धरला आणि तिला ट्रेलरकडं नेलं. शेवंती फाळक्यावर दोनदा थांबली, कण्हली, आणि चालत आत गेली. जीप दारातच उभी होती, पण जीपवाला लग्नाला गेला होता. मी स्टिअरिंगवर बसलो.

त्या रस्त्यावर मी हजार वेळा गाडी चालवली असेल. त्या दिवशी प्रत्येक खड्डा नवीन वाटला. मागून आक्कांचा आवाज यायचा. "हळू... हळू... आता घ्या... मिस्त्री, हळू." जोरात न्यावं तर घोडी पडेल, हळू न्यावं तर वेळ जाईल. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आक्का अधूनमधून घोडीला काहीतरी सांगत होत्या, ते वाऱ्यात मला ऐकू येत नव्हतं.

वाटेवरच्या झरी गावाच्या अलीकडं वळण घेतलं आणि समोर रस्ता भरलेला दिसला. नवरदेवाचा परण्या चालला होता, म्हणजे मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाकडं निघालेली मिरवणूक. फेटे, गुलाल, उघड्या जीपमध्ये नवरदेव. दुसरा रस्ता नव्हता. आणि मग ऐकू आलं. हलगी आणि ताशा, नाचाचा ठेका.

"आक्का, वाजतंय," मी म्हणालो.

मी आरशात बघितलं. खिडकीतून शेवंतीचे कान दिसले. ते ताठ झाले होते.

पहिला खूर तळावर आदळला तो मला स्टिअरिंगमध्ये जाणवला. मग दुसरा. मग ठेक्यात, एकामागं एक. पोटात एवढी कळ असताना ती नाचायला लागली होती. ती आडवी सरकली तसा ट्रेलर डावीकडं गेला आणि जीपचं मागचं अंग त्यानं ओढलं. ती परत सरकली, ट्रेलर उजवीकडं आला. हातातलं चाक हलकं पडलं. ब्रेक दाबावा असं माझ्या पायाला ओरडून वाटत होतं, आणि दाबला तर ट्रेलर आडवा येऊन उलटणार हे डोक्याला माहीत होतं. मी फक्त अॅक्सिलेटर सोडला आणि चाक घट्ट धरून बसलो. ट्रेलर तीनदा झुलला. मग जीप रस्त्याच्या कडेला रखडत जाऊन थांबली, ट्रेलरचं एक चाक खाली मुरमात रुतलं.

थांबलो तरी नाच थांबला नाही. कलंडलेल्या डब्यात शेवंती पाय उचलत होती, घसरत होती, पुन्हा उचलत होती. तोंडाला फेस आला होता. ती दोन पायांवर उठली असती तर डबा आडवा झाला असता. मी ट्रेलरच्या वरच्या कडेला लोंबकळलो, जणू माझ्या वजनानं तो सावरणारच होता.

मला वाटलं आक्का घोडीकडं धावतील. त्या मिरवणुकीकडं धावल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, पदर खोचून, चपला मागं टाकून.

नवरदेवाचा मामा पुढं आला. "बाई, बाजूला व्हा. वाजाप थांबवायचं न्हाई. मांडवात जाईस्तोवर वाजायलाच पायजे."

"थांबवू नगाच म्हणायलेय मी," आक्का म्हणाल्या. त्या मामाला वळसा घालून थेट हलगीवाल्यापाशी गेल्या. तो त्यांना ओळखत होता, कित्येक लग्नांत दोघं शेजारी चालले होते. "एकदम बंद करू नको, बाबा. बिथरंल ती. चालीवर घे. हळूहळू चालीवर घे."

त्यानं ट्रेलरकडं पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. ताशेवाल्याला त्यानं डोळ्यानं गप्प केलं. मग एकट्याची हलगी, आधी तोच ठेका, मग जरा सैल, मग आणखी सैल, आणि त्यातून चालीचा ठेका वर आला. आक्का त्याच्या दंडाला धरून त्याला ट्रेलरकडं आणत होत्या. आतले खूर चुकले, अडखळले, आणि हळूहळू त्या चालीला लागले. जागच्या जागी, सरळ पावलं. मी कडेवरून खाली उतरून हुकापाशी गेलो.

हुकाची पिन वाकली होती. वेल्डिंग कुठंही सुटलं नव्हतं, हे मी इथं मुद्दाम सांगतो. पण त्या ट्रेलरनं पुढं जाणं शक्य नव्हतं. मामा खाली मान घालून बघत होता. जीपमधून नवरदेव उतरला, मुंडावळ्या हातानं बाजूला करत म्हणाला, "मामा, वऱ्हाडाचा टेम्पो द्या ह्यांला. आपुन चालत जाऊ."

टेम्पो म्हणजे पुन्हा उंच तळ, उभा चढ. आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. मग टेम्पोच्या ड्रायव्हरनंच तो रस्त्यालगतच्या कॅनॉलच्या भरावाला मागून लावला, तरी मधे बरीच फट आणि वर चढ राहिला. मांडवातल्या स्टेजच्या फळ्या आणून त्यावर टाकल्या, फळ्यांवर सतरंजी. शेवंतीला ट्रेलरमधून उतरवून तिथं आणलं तर तिनं चारही पाय रोवले. आक्कांनी दोर ओढला नाही. हलगीवाल्याला म्हणाल्या, "तू म्होरं हो. वाजवत आत जा."

तो पाठमोरा न होता, तिच्या डोळ्यात बघत, चालीचा ठेका धरून फळीवर चढला. शेवंतीनं एक पाय टाकला. मग दुसरा. सगळं वऱ्हाड श्वास रोखून उभं होतं, एवढ्या माणसांत फक्त एक हलगी वाजत होती. ती कण्हत, थरथरत, पण ठेका न चुकवता आत गेली. हलगीवाला बाजूनं उडी टाकून उतरला आणि फाळका लागला. तो कपाळाचा घाम पुसत आक्कांना म्हणाला, "जावा आक्का, लवकर जावा."

मी आणि आक्का टेम्पोत मागंच घोडीजवळ उभे राहिलो. तिला बसू द्यायचं नव्हतं. दोघांनी दोन्ही बाजूंनी पाठ लावली. टेम्पो चालू झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की हलत्या गाडीत चार पायांवर उभं राहणं किती कष्टाचं काम आहे. तिच्या अंगाची प्रत्येक धडपड माझ्या पाठीत उतरत होती.

"मिस्त्री, बोला कायतरी," आक्का पलीकडून म्हणाल्या. "गप ऱ्हायलं की तिला भ्या वाटतं."

"काय बोलू?"

"काय बी. तुमचं ते गाडीचं सांगा."

मग मी सांगू लागलो. शेवंती, तुला मी बंद गाडी करून देतो. चेष्टा नाही, खरंच. टेम्पोच्या चॅसीवर. फाळका दोन घड्यांचा करतो, उलगडला की पार लांब जाईल, तुला चढ कळणारसुद्धा नाही.

"ती म्हणायलीय, लांब म्हंजी किती?"

तू म्हणशील तितका, म्हणालो. तळाला मॅट. वारा यायला वरून झरोके, पण तोंडावर झोत येणार नाही असे.

"अन् आक्का कुठं बसंल म्हणून इचारायलीय."

तुझी आक्का पुढं बसेल, ड्रायव्हरजवळ.

पलीकडून आक्कांचा हात घोडीच्या मानेवर आला. मग शेवंतीचे गुडघे वाकले. "बसायलीय," मी ओरडलो. आक्कांनी खांदा तिच्या छातीखाली घातला आणि कण्हत वर रेटला. त्यांचा चेहरा मला तिच्या पोटाखालून दिसला. लाल झाला होता, दात घट्ट आवळलेले. "माय माझी, जरा कळ काढ. आलंच परभणी. आलंच." ती कशी सावरली, मला अजून सांगता येत नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं वेळ न घालवता नळी घातली, तेल सोडलं, सलाइन लावलं. मग हात धुऊन म्हणाली, "आता वाट बघायची."

"कशाची?"

"लिदेची."

आम्ही लिदेची वाट बघत बसलो. आक्कांचे मालक फोनवर फोन करत होते, "टाकली का?" मांडवातून हलगीवाल्याचा फोन आला, "टाकली का?" संध्याकाळी तर त्या मामाचाही आला. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि घोडीनं लीद टाकली का, हे विचारायला. आक्का शेवंतीला अंगणात फेऱ्या मारवत होत्या आणि दर फेरीला मागं वळून बघत होत्या. दिवे लागायच्या सुमाराला शेवंतीनं शेपूट उचललं. लीद पडल्याचा आवाज ऐकून डॉक्टर पोरगी आतून पळत आली. आक्का तिथंच मातीत बसल्या, पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडल्या. मलाही रडू आवरलं नाही, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दोन-तीन दिवसांनी घरी न्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं गेलं. तोवर मी ट्रेलर नवी पिन टाकून आणला होता. एका ओळखीच्याचा टेम्पोही सांगून ठेवला होता. सकाळी दवाखान्यात जाऊन विचारलं, "आक्का, कशात नेऊ? ट्रेलर की टेम्पो?"

"कशातच नगं."

मी समजावू लागलो. ती बंद गाडी मी बांधून देतो, शब्द दिलाय तिला, असंही म्हणालो. आक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो खरखरीत होता, ओरखड्यांनी भरलेला.

"तुमी चांगलीच करताल, मिस्त्री. मला ठाव हाय. पर गाडी कंची बी करा, आत ती अन् भायेर मी. मधी पत्रा." जरा थांबून म्हणाल्या, "लग्नं आता बास. डॉक्टरीणबाईला इचारलंय, हळूहळू चालवा म्हणल्या. आज झरीला हलगीवाल्याच्या दारात मुक्काम करतो, उद्या घरी."

त्यानंतर आक्का माझ्या शेडवर आल्या नाहीत. पोळ्याच्या आधी मालकांचा फोन आला. छातीत दुखतं म्हणाल्या, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत गेल्या. मी बोरीला जाऊन आलो. शेवंती दावणीला उभी होती. मालक काठी टेकत टेकत तिला चारा टाकत होते. तिथं मला बसवेना.

आक्कांची आठवण आली की मला ती दवाखान्याबाहेरची सकाळ दिसते. त्या निघाल्या तेव्हा मी मोटारसायकलवर मागून हळूहळू जात राहिलो, पार वस्ती संपेपर्यंत. जिंतूर रोडला सकाळपासूनच ट्रकची रांग असते. आक्कांनी घोडीला शेताच्या बाजूला ठेवलं होतं आणि स्वतः डांबराच्या बाजूनं, ट्रक आणि तिच्या मधून, चालत होत्या. मागून ट्रक आला, हॉर्न वाजला की कुणीही कडेला सरकेल. आक्का सरकत होत्या, पण घोडीकडं नाही. रस्त्याकडं.